लॉक फुटला, गाडी वाचली : दुरुस्ती नेमकी कशाची?

"चोराने चावीचा लॉक फोडला, पण गाडी नेता आली नाही. आता नवा लॉक बसवला की झाले ना?" गाडी जागेवर आहे म्हणून हायसे वाटलेला माणूस हा प्रश्न घेऊन गॅरेजात जातो, तेव्हा त्याला 'हो' एवढेच ऐकायचे असते, आणि बहुतेक वेळा तेच ऐकायला मिळते. मेकॅनिक लोंबणाऱ्या वायरी जोडतो, सेल्फ मारतो, इंजिन धडधडते, पैसे चुकते होतात. या प्रकरणाचे म्हणणे असे आहे की चोरीचा प्रयत्न झालेल्या गाडीत इंजिन सुरू होणे ही दुरुस्तीची कसोटी धरताच येत नाही. इंजिनाला चोराने हातही लावलेला नसतो. त्याचा घाव पडतो दोन वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यातल्या जास्त धोक्याच्या ठिकाणाचा विजेशी काही संबंध नसतो. म्हणूनच ते नजरेतून निसटते.

१. एक चावी, दोन कामे

आजच्या बहुतेक मोटरसायकलींत चावीचा लॉक हँडलच्या मध्यावर असतो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे दोन पाइप वरून ज्या जाड धातूच्या पट्टीने धरलेले असतात, त्या पट्टीला तो बोल्टने आवळलेला असतो. बाहेरून एकच भोक दिसते, पण आत तीन भाग आहेत. वर सिलिंडर, म्हणजे चावी जिच्यात जाते ती फिरती नळी. तळाशी प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर तांब्याचे किंवा पितळेचे संपर्कबिंदू आणि तिथून निघालेल्या दोन ते चार वायरी. आणि बाजूला एक छोटा पोलादी दांडा. चावी 'लॉक'वर फिरवली की तो बाहेर सरकतो आणि चासीच्या मानेत केलेल्या खाचेत जाऊन बसतो. घराच्या दाराची कडी आणि घरातला मेन स्विच एकाच चावीने फिरावेत, तशी ही रचना आहे. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत हँडल लॉक वेगळा असे आणि इग्निशनची चावी वेगळी. तिथे एक फुटला तरी दुसऱ्याला धक्का लागत नसे. दोन्ही कामे एका डबीत आणल्याने वापर सोपा झाला, पण नुकसानही एकत्र आले.

सिलिंडरच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी नसेल तेव्हा या पट्ट्या नळीबाहेर डोकावून भोवतालच्या खाचेत अडकतात, त्यामुळे नळी फिरत नाही. योग्य चावी आत गेली की प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर येते आणि नळी मोकळी होते. समजा, पट्ट्या सहा आहेत आणि प्रत्येकीच्या उंच्या चार प्रकारच्या. मग चार सहा वेळा गुणले की कागदावर ४,०९६ निरनिराळ्या चाव्या निघतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण अगदी खोल दाताशेजारी अगदी उथळ दात कापला तर चावी कमकुवत होते. वर्षानुवर्षे वापरून पट्ट्या झिजल्या की हिशेब आणखी सैल होतो. जुन्या गाडीला शेजाऱ्याची चावी लागते ती यामुळेच. अर्थात घाईत असलेला चोर पट्ट्यांचे गणित सोडवत बसत नाही. तो जोर लावतो, आणि आपल्याला दुरुस्ती करायची असते ती त्या जोराच्या परिणामांची.

२. हँडलला दिलेला हिसका

जोर किती लागतो, याचा साधा हिशेब करता येतो. हँडलच्या मुठीपासून हँडल ज्याभोवती फिरते त्या मध्यापर्यंतचे अंतर साधारण ३५ सेंटीमीटर. लॉकचा दांडा त्याच मध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर. म्हणजे मुठीवर दिलेला जोर दांड्यावर सात-आठ पटींनी पडतो. मुठीवर ४० किलो वजनाइतका रेटा दिला (धडधाकट माणसाला अंग टाकून तो सहज देता येतो), तर दांड्यावर ३०० किलोच्या आसपासचा भार येतो. दांडा पोलादी असतो, पण तो ज्या डबीत सरकतो ती सहसा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. ओतीव धातू दाब बरा सोसतो, हिसका सोसत नाही. आधी त्याला तडा जातो.

या हिसक्यातून तीन गोष्टी संभवतात आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. डबी फुटून दांडा गळून पडला, तर नुकसान उघड दिसते आणि नवा लॉक घेण्यावाचून गत्यंतर नसते. दांडा वाकला, तर तो ना पूर्ण आत जातो ना बाहेर येतो. हँडल एका बाजूला वळताना खरखरते किंवा शेवटच्या टोकापर्यंत जात नाही. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. डबीला बारीक तडा गेलेला असतो, दांडा सरळ असतो, चावी फिरते, गाडी सुरू होते. मात्र चावी 'ऑन'वर असताना दांड्याला आत धरून ठेवणारा भाग दुखावलेला असतो. असा दांडा खड्ड्यातल्या धक्क्याने बाहेर सरकला आणि वळणावर खाचेत शिरला, तर चालत्या गाडीचे हँडल जाम होईल. दुचाकीचा तोल हँडलच्या सतत चाललेल्या बारीक हालचालींवर टिकतो. ते जाम झाले की ब्रेक लावायलाही सवड मिळत नाही. 'गाडी सुरू होते ना, मग चालवा' या सल्ल्याला माझा पहिला आक्षेप आहे तो इथे.

तपासणी सोपी आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, कोणीतरी मागे दाबून पुढचे चाक अधांतरी धरावे, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावे. कुठे अडखळते का, धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो का, हे हाताला आणि कानाला कळते. त्याच वेळी चासीच्या मानेवरची खाच टॉर्च मारून पाहावी. तिच्या कडा उमललेल्या असतील तर नवा लॉकसुद्धा तिथे ढिला बसेल. हँडल किती वळावे हे ठरवणारे चासीवरचे स्टॉपरही बघावेत. कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते तो संच, एवढ्या हिसक्याने सहसा बिघडत नाही. पण सरळ दिशेत हँडल किंचित अडकल्यासारखे वाटले, तर त्याच्याकडेही लक्ष द्यावे.

३. वायरी : तुटलेली एक, दुखावलेल्या चार

आता विजेकडे वळू. लॉकच्या तळाची चकती स्विचचे काम करते आणि गाडीच्या बॅटरीवरचा बराच भार तिच्यातून जातो. तिचे संपर्कबिंदू एकमेकांवर घट्ट टेकले पाहिजेत. सिलिंडर जबरदस्तीने फिरवला गेला असेल, तर चकती आपल्या जागेवरून किंचित सरकते आणि बिंदू अर्धेच टेकतात. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून सगळे ठीक वाटते. पण समजा, त्या अर्ध्या टेकण्याने अर्धा ओहम एवढाच अडथळा आला आणि स्विचमधून चार अँपिअर प्रवाह जातो आहे. चार गुणिले अर्धा, म्हणजे दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडले. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. पुढे पोचले १०.६. आणि हे दोन व्होल्ट गुणिले चार अँपिअर, म्हणजे आठ वॉट, नखाएवढ्या जागेत उष्णता होऊन बसतात. प्लॅस्टिकची चकती हळूहळू मऊ पडते, बिंदू आणखी सैल होतात, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी भर रस्त्यात बंद पडते तेव्हा चोरीचा प्रयत्न कोणाच्या लक्षातही नसतो; दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. मल्टिमीटरने स्विचच्या दोन्ही बाजूंमधला फरक चावी 'ऑन' करून, दिवा लावून मोजला तर हा बिघाड पहिल्याच दिवशी पकडता येतो. चांगल्या स्विचमध्ये तो फरक नगण्य असतो.

ओढाताण झालेल्या वायरी हा दुसरा प्रकार. बाहेरचे प्लॅस्टिक ताणले जाते आणि आतली तांब्याची तार तुटते, त्यामुळे वायर वरून धडधाकट दिसते. प्लॅस्टिक खरचटले असेल, तर उघडी तार चासीला टेकून फ्यूज उडतो. दोन-तीन फ्यूज उडाले की कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवतो. हा उपाय नव्हे, आगीला दिलेले आमंत्रण आहे: फ्यूज उडतो तो पुढची वायर वाचावी म्हणून. मग जळायचे ते कुठेतरी जळणारच. फ्यूज नाही तर वायर, आणि वायरी जातात पेट्रोलच्या टाकीखालून.

जोडाचाही विचार हवा. पिळून, वरून टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळल्यावर आणि पावसाळ्यात पाणी शिरल्यावर दगा देतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून जाणकार डाग देऊन जोड पक्का करायला सांगतात. एरवी ते बरोबर आहे. पण लॉकच्या वायरी हँडलबरोबर प्रत्येक वळणाला हलतात. डाग दिलेला भाग कडक होतो आणि त्याच्या अगदी शेजारी, जिथे कडक संपून मऊ सुरू होते तिथे, तार पुन्हा पुन्हा वाकून तुटते. त्यापेक्षा जोडच लागू नये हे उत्तम. आणि ते बहुधा शक्य असते: नवा इग्निशन स्विच आपल्या वायरींसकट आणि शेवटच्या कपलरसकट येतो. हेडलाइटच्या मागे जुना कपलर सोडवून नवा दाबून बसवला की झाले. कपलरच्या पुढची मेन वायरिंग दुखावली असेल, तरच जोडाचा प्रश्न उरतो.

४. इंजेक्शनच्या गाड्यांत काय बदलले?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्याने लॉक बदलला नाही, लॉकच्या पुढचे जग बदलले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बिघाडाची लक्षणे ढोबळ असतात: चावी बंद करूनही इंजिन चालू राहते, किंवा स्पार्कच येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी 'ऑन' केली की पेट्रोल पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येते आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. पंप गप्प असेल, तर फ्यूज, रिले आणि स्विच या क्रमाने शोध घ्यावा. बल्ब जोडून वायरी चाचपण्याची गॅरेजातली जुनी रीत इथे टाळावी. बल्ब स्वतः प्रवाह ओढतो, आणि इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या नाजूक वायरींना तो सोसत नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. चिपच्या चावीच्या किंवा स्मार्ट कीच्या गाड्या (२०२३ मध्ये आलेली ॲक्टिवा एच-स्मार्ट त्यातलीच) इथे वेगळ्या पडतात. त्यांचे काम सर्व्हिस सेंटरबाहेर करून घेण्यात अर्थ नाही.

५. 'साधा स्विच लावून द्या की!'

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप पैशांचा आहे. गाडी दहा वर्षांची, विकायला काढली तर पंधरा-वीस हजारही येणार नाहीत. मग पूर्ण लॉकसेट कशाला, शंभर रुपयांचे बटण लावू आणि मोकळे होऊ. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. बटणाने इंजिन खरोखरच सुरू होते. तालुक्यापासून दूर असलेल्या माणसाला पार्ट यायला आठ दिवस लागणार असतील, तर तेवढ्यापुरते ते चालूनही जाईल, पण एका अटीवर: फुटका लॉक आणि त्याचा दांडा काढून टाकलेला हवा. कायमचा उपाय म्हणून मात्र बटण टिकत नाही. एक, हँडल लॉक गेला, म्हणजे दोन कामांपैकी एक काम कायमचे बंद. दोन, बटण कोणालाही दाबता येते. ते सीटखाली लपवले तरी एकदा गाडी न्यायला आलेला माणूस पुन्हा आला तर तिथेच आधी हात घालेल. तीन, दिवा आणि पंप यांचा भार सोसेल असे बटण आहे की नाही, हे बहुधा कोणी पाहत नाही. लॉक धड असताना जोडीला लपवलेला स्विच बसवणे ही वेगळी गोष्ट, आणि ती चांगलीही आहे. पण गाडी वॉरंटीत असेल, तर वायर कापण्यापूर्वी विचारून घ्यावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चावीवाल्याकडून जुनाच लॉक दुरुस्त का करू नये? करावा, मात्र डबीला तडा नाही आणि दांडा सरळ आहे याची खात्री झाल्यावर. फक्त पट्ट्या वाकल्या असतील, किंवा चोराचे हत्यार आत मोडून राहिले असेल, तर कुशल चावीवाला सिलिंडर उघडून पट्ट्या बदलतो आणि जुनी चावी जशीच्या तशी चालते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि सीटचा लॉक त्याच चावीने उघडत राहतात, ही मोठी सोय. पूर्ण लॉकसेटमध्ये हे सगळे नवे येते, म्हणून तो महाग पडतो. नुसता इग्निशन लॉक घेतला, तर खिशात दोन चाव्या येतात. मला दोन चाव्यांत काहीच वावगे दिसत नाही. टाकीचा आणि सीटचा लॉक धड असताना केवळ एका चावीच्या हौसेपायी ते फेकून देणे हा खरा अपव्यय.

जुन्या बाजारातला लॉक घेणे मात्र मला पटत नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात (नावातला विनोद जमेस धरून) चावीसकट लॉक मिळू शकेल, पण त्याच्या पट्ट्या किती झिजल्या आहेत आणि त्या चावीच्या आणखी किती नकला कोणाकडे आहेत, हे सांगणार कोण?

६. काम करून घेताना

काहीही सोडवण्याआधी फोटो काढावेत: लॉकचे जवळून, वायरींचे, आणि नंबर प्लेटसह पूर्ण गाडीचे. पोलिसांत तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि प्रयत्न कलम ६२ मध्ये, म्हणजे 'गाडी गेलीच नाही, तक्रार कसली' हे म्हणणे कायद्याला धरून नाही. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडवावी. लॉक काढताना एक अडचण हमखास येते. तो धरून ठेवणाऱ्या बोल्टना अनेकदा डोकेच नसते. कारखान्यात आवळताना ठरावीक जोराला डोके तुटून पडावे, अशीच त्यांची घडण असते, कारण पान्याने सहज सुटणारा लॉक कुलूप म्हणून निकामी. असे बोल्ट छिन्नीने कडेला टोचून उलटे फिरवावे लागतात किंवा ड्रिलने पोखरावे लागतात. इथे घाई झाली, तर ज्या पट्टीला लॉक बसतो तिचे आटेच खराब होतात आणि हजाराच्या कामाचे तीन हजार होतात. नवे बोल्टही त्याच जातीचे घालून घ्यावेत; साधे बोल्ट घालणे मेकॅनिकच्या सोयीचे असते, मालकाच्या नव्हे. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे: कुठल्याही कोनात इंजिन अडखळले, तर एखादी वायर आखूड पडते आहे.

७. विम्याचे पैसे मागावेत का?

आधी पॉलिसी कोणती ते बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे 'माझा पाच वर्षांचा विमा आहे' असे म्हणणाऱ्या अनेकांकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पहिल्या वर्षानंतर उरलेलेच नसते. ते असेल, तर चोरी आणि दुष्ट हेतूने केलेली नासधूस दोन्ही त्यात येतात. तरीही हिशेब करावा. समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे, लॉकसेट १,५०० रुपयांचा आणि मजुरी ३०० रुपये. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापतात, म्हणजे १,१२५ राहिले. त्यात मजुरी मिळवून सक्तीचे १०० रुपये वजा केले की हाती १,३२५. आता दुसरी बाजू. तीन वर्षे दावा केला नसेल, तर सवलत ३५ टक्के मिळत असते आणि पुढच्या वर्षी ४५ होणार असते. दाव्यानंतर ती शून्यावर येते. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १,२०० रुपये धरला, तर पहिल्या वर्षी ५४०, दुसऱ्या वर्षी ३६० आणि तिसऱ्या वर्षी ३०० रुपये जादा भरावे लागतात. एकूण १,२००. चौथ्या वर्षी आणखी १८० गेले की मिळालेले सगळे परत गेले. एवढ्या बिलासाठी दावा करण्यात काही राम नाही. मेन वायरिंग, हेडलाइटचा डूम आणि हँडलची पट्टी मिळून बिल सहा-सात हजारांवर गेले, तर उत्तर उलटे येईल. तेव्हा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत लॉक काढूही नये.

दावा करा अथवा नका करू, नव्या लॉकचे पक्के बिल आणि जुन्या चाव्या जपून ठेवाव्यात. पुढे कधी गाडी खरोखरच चोरीला गेली, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि त्या गाडीबरोबर आलेल्या मूळ चाव्या नाहीत असे दिसले की शंका घेते. तेव्हा त्या बिलावरची तारीख आणि गाडीचा नंबर दाखवता आला पाहिजे. म्हणून बिलावर गाडीचा नंबर घालायला दुकानदाराला त्याच वेळी सांगावे.